तळाच्या कॅटफिशसाठी स्टीलचा भाजी-होल्डर: घ्यावा का?

आधी निकाल सांगतो मग कारणं. माशांच्या टँकमधे भाजी बुडवायला तो स्टीलचा पिळाचा होल्डर मिळतो ना, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखा दिसणारा, वर एक मोठी कडी असलेला, तो ज्याच्याकडे भाजी खाणारा प्लेको, म्हणजे तोंडाने काचेला-लाकडाला चिकटणारा तळाचा कॅटफिश आहे त्याने जरूर घ्यावा. फक्त भाजी बुडते एवढ्यासाठी घेऊ नका, भाजी बुडवायला इतर चार उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. याची खरी कमाई सकाळी कळते, कारण रात्रभर खाऊन उरलेली मऊ, लिबलिबीत झालेली भाजी कडीला धरून अख्खी बाहेर येते, तुकडे होऊन वाळूत पसरत नाही. भाजी टँकमधे टाकणं सोपं असतं हो, काढणं अवघड असतं, आणि पाणी खराब होतं ते न काढलेल्या भाजीनेच होतं.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. जाड स्टीलची तार पिळून केलेला स्क्रू, साधारण बोटाएवढा लांब, काहींमधे त्याहून मोठा, एका टोकाला कडी किंवा आडवी दांडी, दुसरं टोक भाजीत घुसवायचं. फिरवत फिरवत आत घातलं की भाजी घट्ट बसते आणि स्टीलच्या वजनाने सरळ तळाला जाते. कच्ची काकडी किंवा झुकिनी एरवी पाण्यावर तरंगते, ती उकळली किंवा फ्रीज करून मग वितळवली तर बुडते पण तोवर ती इतकी मऊ होते की माशाने जरा ओढाओढ केली की चिंध्या होतात. होल्डर असला की कच्ची भाजी पण चालते हा मोठा फायदा आहे, कच्चा तुकडा पाण्यात जास्त वेळ टिकतो आणि प्लेकोला तो खरवडायला काहीच अडचण येत नाही, त्याचं तोंडच त्यासाठी आहे, चिकटायचं आणि दातांच्या रांगांनी किसत राहायचं.

आता त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे सक्शन कप लावलेली प्लॅस्टिकची क्लिप. दोन्ही शेजारी शेजारी वापरून बघितल्यात म्हणून बोलतोय. क्लिप आपण काचेवर मधोमध लावतो, तिथे पालकाचं पान लटकतं, गप्पी आणि मॉली येऊन फाडतात, छान दिसतं, पण ज्याच्यासाठी घेतली तो खाली ड्रिफ्टवुडखाली, म्हणजे टँकमधे ठेवलेल्या लाकडाखाली बसलेला असतो आणि त्याला उघड्यावर, उजेडात, काचेच्या मधोमध येऊन खायचं नसतं. तळाचे मासे तळाला खातात. ब्रिसलनोज, म्हणजे लहान जातीचा प्लेको, लाईट गेल्यावर निघतो, जमीन चाचपत, लाकडाला धरून फिरतो, वाटेत भाजी लागली की तिथेच ठाण मांडतो. त्यामुळे भाजी कुठली यापेक्षा भाजी कुठे ठेवली याला मी जास्त महत्त्व देतो आणि होल्डर इथे पहिल्या नंबरवर येतो कारण तो हवा तिथे ठेवता येतो, अगदी गुहेच्या तोंडाशी पण. क्लिप वापरायचीच असेल तर काचेवर अगदी खाली, वाळूच्या जरा वर लावा, आणि लावण्याआधी तेवढी काच पुसून घ्या, काचेवर शेवाळाचा पातळ थर असला तरी सक्शन कप धरत नाही. शिवाय साध्या प्लॅस्टिकचे कप पाण्यात कडक होत जातात, मग रात्री कधीतरी सुटतात आणि क्लिप भाजीसकट वर तरंगत असते. माझ्याकडच्या एका क्लिपचं अगदी हेच झालं, आणि तिच्या आतल्या स्प्रिंगला गंज पण धरला होता, ती मी टाकून दिली. सिलिकॉनचे कप जास्त टिकतात.

क्लिपची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, पानांसाठी तीच बरी. पालक, लेट्यूस असलं काही स्क्रूवर बसतच नाही, फाटून निघतं.

होल्डर घालायची पण एक पद्धत आहे आणि पाकिटावरच्या चित्रात बहुतेक वेळा उलटीच दाखवलेली असते. चित्रात काय असतं, काकडीच्या गोल तुकड्याच्या बरोब्बर मधे, बियांच्या भागात स्क्रू फिरवलेला. दिसायला सुबक. पण प्लेको सगळ्यात आधी काय खातो तर तोच मऊ बियांचा गाभा! गाभा संपला की स्क्रूला धरायला काही राहतच नाही, सालीचं कडं सुटतं आणि टँकभर तरंगत फिरतं, फिल्टरच्या तोंडाला जाऊन चिकटतं. त्यापेक्षा जाड तुकडा कापा, दोन-तीन बोटं जाडीचा, आणि स्क्रू आडवा घाला, म्हणजे एका बाजूच्या सालीतून आत जाऊन समोरच्या सालीपर्यंत पोचेल असा. साल सगळ्यात शेवटी खाल्ली जाते, बरेच मासे खातच नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सालीची पकड शेवटपर्यंत राहते. टोक मात्र समोरच्या सालीतून बाहेर येऊ देऊ नका. ब्रिसलनोज पाठीवरून चिलखती असला तरी पोटाकडून उघडाच असतो, तिथे कवच नाही, आणि तो त्या भाजीवर पोट टेकूनच बसतो. म्हणून तुकडा स्क्रूपेक्षा रुंद घ्या, टोक आतच राहू द्या, आणि विकत घेताना टोकावरून बोट फिरवून बघा. टोक घासून गोल केलेलं असेल तोच घ्यायचा, टोचणारा असेल तर ठेवून द्या, त्यात तडजोड नाही.

भाज्यांचं बोलायचं तर होल्डरवर सगळ्यात सुंदर बसते ती झुकिनी. गर घट्ट, साल चिवट, आणि बहुतेक सगळ्या शाकाहारी प्लेकोंना आवडते. काकडी पण आवडीने खातात, पण काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं, पोषण असं फार नाही, आणि सकाळपर्यंत गाभा विरघळल्यासारखा होतो. झुकिनी पण पाणीदारच हां, त्या बाबतीत फार फरक नाही, पण ती पाण्यात आकार धरून राहते हे मला जास्त पटतं. लाल भोपळा चांगला, थोडा वाफवून. गाजर आणि रताळं कच्चं घालायला जाऊ नका, एकतर स्क्रू आत जात नाही, जोर केला तर तुकडा उभा चिरतो नाहीतर तार वाकते. आधी उकळत्या पाण्यात टाकून सुरी टोचली की जाईल पण मोडणार नाही इतपत मऊ करा, मग गार करून स्क्रू घाला. फार शिजलं तर उलटं होतं, स्क्रू लोण्यातून गेल्यासारखा सुटून येतो. रताळ्यात स्टार्च बराच असतो, पाणी पटकन गढूळ करतं, म्हणून लहान तुकडा आणि जरा कमी वेळ. मटाराला होल्डरचा काही उपयोग नाही, दाणे उकळायचे, साल काढायची, तसेच तळाला सोडायचे. आणि जे काही द्याल त्यात मीठ, तेल, मसाला काही नको, डब्यातली भाजी नको कारण तिच्यात बहुतेक वेळा मीठ असतं. भाजी नळाखाली चोळून धुवायची, फवारणीची शंका असेल तर साल काढायची, मग पकड जरा कमी मिळेल पण ते चालेल. कीटकनाशकं कोळंबीसाठी तर फारच वाईट, टँकमधे श्रिंप असतील तर हे अजिबात हलक्यात घेऊ नका.

कुठल्या माशासाठी घ्यायचा यावर जरा सविस्तर लिहितो कारण "कॅटफिश" म्हणून सगळ्यांना एकाच तराजूत टाकलं जातं आणि मग लोक म्हणतात होल्डर घेतला, भाजी लावली, कोणी तोंड लावलं नाही.

ब्रिसलनोज म्हणजे अँसिस्ट्रस, यांच्यासाठी डोळे झाकून घ्या. साधारण १२-१३ सेंमीचा मासा, भाजी मनापासून खाणारा, आणि पिल्लं असतील तर काय विचारूच नका, एका झुकिनीच्या तुकड्यावर ती नुसती चिकटून बसलेली असतात. पिल्लांना सतत चरायला लागतं, त्यांच्या टँकमधे रोज ताजा तुकडा हवाच. दोन नर असतील तर मात्र दोन होल्डर घ्या आणि टँकच्या दोन टोकांना ठेवा, कारण एक नर भाजीवर बसला की दुसऱ्याला फिरकू देत नाही, आणि ज्याला मिळत नाही तो दिवसेंदिवस बारीक होत जातो, आपल्याला कळतही नाही.

कॉमन प्लेको हा वेगळाच प्रकार आहे, दुकानात बोटाएवढा असतो आणि पुढे ४० सेंमीच्या वर जातो. त्याच्यापुढे लहान होल्डर टिकत नाही, तो भाजीसकट टँकभर ढकलत नेतो, काचेवर आपटल्याचे आवाज येतात. त्याला मोठ्या साईजचा, जाड तारेचाच हवा, आणि अर्धी झुकिनी एका वेळी.

ओटो, म्हणजे ओटोसिंक्लस, ४-५ सेंमीचे, लाजाळू, घोळक्याने राहणारे. हे भाजी खातात पण शिकायला वेळ घेतात. यातले बरेचसे नदीतून पकडून आणलेले असतात, त्यांनी झुकिनी कधी बघितलेलीच नसते, त्यांना दगडावरचं शेवाळ आणि तो बुळबुळीत थर माहीत असतो. त्यांच्यासाठी तुकडा हलका उकळून, झाडांच्या जवळ, रोज त्याच जागी ठेवायचा. पहिले बरेच दिवस कोणी येणार नाही, तरी संध्याकाळी ठेवायचा आणि सकाळी काढायचा हे चालू ठेवायचं. एकाने खाल्लं की बाकीचे मागोमाग येतात. इथे स्क्रू लहान साईजचा पुरतो, खरं तर ओटोंना त्याची गरज पण कमीच, उकळलेला पातळ काप आपोआप बुडतो.

कोरी. कोरीडोरस पाळणाऱ्यांनी या होल्डरवर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कोरी तळाला असतात म्हणून भाजी खातात असा समज आहे, पण त्या वाळूत किडे, अळ्या, बारीक जीव शोधणाऱ्या आहेत. भाजीभोवती येतील, मिशा लावून बघतील, प्लेकोने सांडलेले कण उचलतील, सोललेला मटार चोखतील, पण त्यावर त्यांचं पोट भरत नाही. त्यांना बुडणाऱ्या प्रोटीनच्या गोळ्या आणि फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या द्या.

एल नंबरवाले प्लेको असतील तर नंबर बघून जेवण ठरवू नका. हे नंबर १९८८ पासून एका जर्मन अ‍ॅक्वेरियम मासिकाने नुसती ओळख म्हणून द्यायला सुरुवात केली, शास्त्रीय नाव मिळायच्या आधी मासा ओळखता यावा म्हणून, त्याचा आहाराशी काही संबंध नाही. एल-१४४ हा अँसिस्ट्रसच आहे, भाजीवर तुटून पडतो. एल-०४६ म्हणजे झेब्रा प्लेको, ब्राझीलच्या शिंगू नदीतला, त्याला मांसाहारी खाणं हवं, झुकिनी दाखवली तर तो ढुंकून बघणार नाही आणि त्यात होल्डरचा काही दोष नाही. पनाकी जातीचे, म्हणजे रॉयल प्लेको वगैरे, लाकूड कुरतडतात म्हणून लोक त्यांना नुसत्या ड्रिफ्टवुडवर ठेवतात, हे वाचून मला खरंच वाईट वाटतं. २००९ साली या लाकूडखाऊ माशांच्या आतड्यांवर संशोधन झालं, त्यात दिसलं की लाकडातलं सेल्युलोज त्यांना फारसं पचत नाही, काही तासांत तसंच बाहेर पडतं. लाकूड त्यांना हवंच, पण पोट भरायला रताळं, गाजर, भोपळा असं घट्ट काहीतरी पाहिजे, आणि त्यांच्या दातांपुढे क्लिप किंवा दोऱ्याने बांधलेली भाजी टिकत नाही, होल्डर टिकतो.

काढण्याबद्दल मी सुरुवातीला बोललो तो मुद्दा परत घेतो कारण माझ्यासाठी हीच या वस्तूची किंमत वसूल करणारी गोष्ट आहे. भाजी पाण्यात सडली की अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांच्याही कामाला मर्यादा असते, आणि छोट्या टँकमधे, समजा ४०-५० लिटरच्या, एका विसरलेल्या काकडीने ती मर्यादा ओलांडली जाते. दुसरं म्हणजे सडताना ऑक्सिजन खर्च होतो. आपण भाजी ठेवतो रात्री, आणि रात्री झाडं ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट घेतात, म्हणजे पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो आणि नेमका तेव्हाच भाजीचा गाभा विरघळत असतो. सकाळी प्लेको पुन्हा पुन्हा वर येऊन हवा गिळताना दिसला तर हे आठवा. हे मासे हवा गिळून तग धरू शकतात, पण ते गरज पडली म्हणून करतात. तर, लाईट बंद करताना ठेवा, सकाळी उठल्यावर काढा, कडक भाजी असेल तर फार तर २४ तास. होल्डरच्या कडीला हाताने किंवा लांब चिमट्याने धरायचं आणि हळू वर घ्यायचं, झटका द्यायचा नाही, सालीच्या आत जो लगदा असतो तो पण बरोबर येतो. खाली झुकिनीच्या हिरव्या शेपट्या पसरलेल्या दिसतील, ती विष्ठा आहे, भाजीने ती वाढतेच, पुढच्या पाणी बदलाला सायफनने ओढून घ्या.

स्टीलबद्दल पण बोलायला हवं. पाकिटावर स्टेनलेस लिहिलेलं असतं पण सगळं सारखं नसतं. ३०४ ग्रेड, म्हणजे ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते गोड्या पाण्याला पुरतं. खाऱ्या टँकसाठी ३१६ बघा. लोहचुंबक लावून बघायचा सल्ला सगळे देतात, त्यावर फार विसंबू नका, चांगलं ३०४ स्टीलसुद्धा पिळल्यावर, वाकवल्यावर थोडं चुंबकाला लागतं. त्यापेक्षा जोडाकडे बघा, कडी वेल्ड केलेली असेल तर गंज तिथूनच सुरू होतो, एकाच तारेतून पिळून केलेला असेल तो उत्तम. नुसती चकचकीत मुलामा दिलेली तार असेल तर मुलामा उडाल्यावर आतला धातू पाण्यात येतो, आणि तांबं किंवा जस्त पाण्यात उतरणं श्रिंप आणि गोगलगायींना महागात पडतं. याच कारणासाठी झाडांना बांधायच्या शिशाच्या पट्ट्या भाजीला गुंडाळू नका, खाण्याच्या वस्तूला शिसं लावायचंच कशाला. धुताना गरम पाणी आणि ब्रश, साबण नको. वापरून झाल्यावर बाहेर काढून पुसून ठेवा, कायम पाण्यात ठेवायची काही गरज नाही.

काटा-चमच्यातला स्टीलचा काटा वापरला तर काय, असं कोणीतरी विचारेलच, तर हो, चालतो, अगदी व्यवस्थित चालतो. ज्याच्याकडे एकच ब्रिसलनोज आहे आणि जो आठवड्यातून एक-दोनदा भाजी देतो त्याने काटाच वापरावा असं मी म्हणेन. फरक दोन ठिकाणी पडतो. भाजी मऊ झाली की काट्याच्या सरळ दातांवरून घसरून सुटते, पिळावरून तशी घसरत नाही. आणि काटा लांब असतो, छोट्या टँकमधे आडवा पडतो, मोठा मासा त्याला ढकलून झाडं उपटतो. रोज भाजी देणाऱ्याला, पिल्लं वाढवणाऱ्याला होल्डर हवा.

तक्रारी पण आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे बऱ्याच होल्डरची कडी फार लहान असते, पिळाच्याच रुंदीची, त्यामुळे आतून खाल्लेला तुकडा वरून निसटतो. पिळापेक्षा रुंद कडी किंवा आडवी दांडी असलेलाच शोधा. दुसरं, पाकिटावर साईज नुसती लहान-मोठी अशी लिहितात, तारेची जाडी कुठेच नसते, ती हातात घेऊनच कळते आणि ऑनलाईन घेताना कळतच नाही. आणि पाकिटावर भाजी कधी काढायची ते लिहिलेलं नसतं, याचा मला मनापासून राग येतो, कारण नवीन माणूस हेच वाचून शिकतो आणि संपेपर्यंत ठेवायची असं समजतो.

एक गोष्ट मात्र कोणताही होल्डर करून देणार नाही. भाजी हे प्लेकोचं सगळं जेवण नाही, बरोबर चांगले वेफर, म्हणजे तळाला बुडणाऱ्या माशांच्या खाण्याच्या चकत्या हव्यात, स्पिरुलिना शेवाळाच्या किंवा भाजीपाल्याच्या, आणि टँकमधे ड्रिफ्टवुड हवं. "प्लेको टँक साफ करतो, त्याला वेगळं खायला लागत नाही" म्हणून जो उपाशी ठेवला जातो त्याची आतडी त्याच्या लांबीच्या कितीतरी पट लांब, वेटोळं घातलेली असतात, म्हणजे थोडं थोडं पण सतत खाणारा प्राणी आहे तो. काचेला चिकटला की खालून त्याचं पोट बघा. गोलसर किंवा निदान सपाट असेल तर ठीक, आत गेलेलं, खड्डा पडलेला असेल तर तो उपाशी आहे, काच कितीही स्वच्छ दिसत असो. डोळे आत गेलेले दिसले तर अजून गंभीर.

तर ब्रिसलनोज, पनाकी, मोठे प्लेको, पिल्लांचा टँक यातलं काही असेल तर एकाच तारेचा, रुंद कडीचा, गोल टोकाचा होल्डर घ्या, एकाऐवजी दोन घेतले तर उत्तम, एक टँकमधे असताना दुसऱ्यावर संध्याकाळची भाजी तयार करून ठेवता येते. नुसते ओटो किंवा कोरी असतील तर राहू द्या, ते पैसे चांगल्या खाण्यावर घाला.